उत्तराखालचं नाव

आमच्या सुनेने बूड टेकून एक अख्खं जेवण केलेलं मी शेवटचं कधी पाहिलं, ते आठवत नाही. घास तोंडाकडे जात असतो, तेवढ्यात शेजारच्या फोनमधून ‘टुक’ असा आवाज येतो. घास ताटात परत जातो आणि बाई खुर्ची मागे ढकलून लॅपटॉपपाशी. तिथेही उभ्याउभ्याच टाइप करणार, एक पाय सारखा हलवत. आमची ही म्हणते, "अगं, निदान बसून तरी लिही." त्यावर उत्तर ठरलेलं, "बसलं की वेळ जातो, आई." उभं राहिलं की वेळ थांबतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय ते मी विचारत नाही. घरातल्या शांततेसाठी माणसाने काही प्रश्न गिळावेत.

तिचं काम काय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना माझ्या नाकी नऊ येत. मुलाचं सोपं आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली लिफ्ट चालू झाली, काम झालं. सुनेचं काम उत्तरं देणं. जगात वेबसाइट बांधणारी लाखो माणसं आहेत आणि ती रोज कुठे ना कुठे अडतात. अडली की इंटरनेटवरच्या एका जागेवर जाऊन विचारतात. त्या जागेला फोरम म्हणतात. कुणी लिहितो, माझ्या पानावर लाखभर ओळींचा तक्ता आहे, खाली सरकवायला गेलं की पान गोठतं, काय करू? ज्याला येतं तो उत्तर देतो. फुकट.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही पटलं नव्हतं. मी एकतीस वर्षं वजनमापं तपासणारा निरीक्षक होतो. फुकट काही देणारा दुकानदार दिसला की मी आधी त्याचं वजन उलटं करून बुडाशी पाहत असे. आणि इथेही माझी शंका अगदीच वाया गेली नाही. कारण त्या उत्तर देणाऱ्यांच्या गर्दीत कंपन्यांची माणसंही मिसळलेली असतात. आमची सून त्यातलीच. तिची कंपनी असले तक्ते तयार करून विकते, न गोठणारे. वेबसाइटवाल्याने विकत घ्यायचे आणि आपल्या पानात बसवायचे. तसलेच तक्ते विकणाऱ्या आणखी चार-पाच कंपन्या आहेत, आणि त्यांचीही माणसं त्याच फोरमवर दबा धरून बसलेली असतात. कुणी बिचारा ‘माझं पान गोठलं’ म्हणून हाक मारतो, की हे सगळे धावले. जो पहिला पोचला आणि नीट बोलला, गिऱ्हाईक त्याचं. म्हणून तो टुक, म्हणून ते अर्धं जेवण.

पण त्या फोरमवर एक शिस्त होती आणि ती मला मनापासून आवडायची. कंपनीच्या माणसाने उत्तराच्या शेवटी स्वच्छ लिहायचं, ‘ही वस्तू बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते.’ वाचणाऱ्याला कळायला हवं, सांगणारा कोण आहे. आमची सून ती ओळ कधी विसरली नाही. उलट तिने पुढची पायरी गाठली होती. एखाद्याची अडचण तिच्या कंपनीच्या तक्त्याने सुटण्यासारखी नसेल, तर ती सरळ लिहायची, ‘तुमच्या कामाला आमचा तक्ता बरा नाही, अमुक कंपनीचा घ्या.’ पहिल्यांदा हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "तुझा साहेब तुला घरी बसवेल."

"मी घरीच असते, बाबा," ती म्हणाली.

तिचं फोरमवरचं नाव ‘सुईदोरा’. खरं नाव तिथे कुणी लावत नाही. सुईदोरा या नावापुढे अठराशे उत्तरं होती, नऊ वर्षांची. लोक चांगल्या उत्तराला वर ढकलतात, त्याचे गुण मिळतात, आणि ते सगळं एका पानावर दिसतं. त्या पानाची किंमत कळण्यासाठी तिचं आधीचं आयुष्य माहीत हवं.

ती बारावी झाली आणि त्याच वर्षी तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं. कॉलेज राहिलं ते राहिलंच. आमच्या घरात आली तेव्हा ती एका फरशांच्या दुकानात संगणकावर मालाची यादी टाइप करायची. दुकानाची वेबसाइट होती, तिच्यावर फरशांचा एक लांबलचक तक्ता होता, आणि तो रोज गोठायचा. गिऱ्हाइकासमोर मालक हिच्यावर शंख करायचा, जसं काही हिनेच तो गोठवलाय. ज्याने साइट बांधली तो फोन उचलेना. शेवटी वैतागून हिने फोरम शोधला आणि विचारलं. प्रश्न इतका बाळबोध होता, की ती अजून लाजते. पण कुणीतरी अनोळखी माणसाने तिला चार दिवस, पायरी पायरीने, न चिडता समजावलं. पाचव्या दिवशी तक्ता चालला. त्या दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात, आणि आमच्या हिला मिठी मारून म्हणाली, "आई, चाललं!" आमच्या हिला वाटलं, संपामुळे बस बंद होती ती चालू झाली.

तिथून तिला वेड लागलं. घरातली कामं आटोपायची, नात झोपली की शिकायची, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून शिकायची. दोन वर्षांनी ती विचारणाऱ्यांतून सांगणाऱ्यांत गेली. आणि एक दिवस तक्तेवाल्या कंपनीचं पत्र आलं, तुमचं पान पाहिलं, आमच्याकडे याल का? डिग्री कुणी विचारली नाही. हातात एक कागद नसताना बाईला नोकरी मिळाली, ती फक्त त्या पानावर. ते पान म्हणजे तिचं कॉलेज, तिची पदवी, तिचं सगळं. मुलगा तर चेष्टेत म्हणायचा, "घराला आग लागली तर ही आधी पासवर्ड वाचवेल, मग मला."

फोरमवर तिचा एक जानी दुश्मन होता. ‘कासव’ नावाचा. दुसऱ्या तक्तेवाल्या कंपनीचा माणूस. नाव कासव, पण बोटं वाऱ्यासारखी. हिने उत्तर टाकलं की तीन मिनिटांत खाली त्याचं आलंच, आमचा तक्ता यापेक्षा बरा, का ते पाहा. शेवटी आपली ती शिस्तीची ओळ. सहा वर्षं दोघं एकमेकांच्या उत्तरांखाली उत्तरं टाकत होते, आणि एकमेकांना काना-मात्रेसकट ओळखत होते. कधी तो दोन दिवस दिसला नाही तर ही म्हणायची, "कासव आजारी आहे वाटतं." मग तो उगवला की हिच्या कपाळाला आठ्या. मला तर वाटायचं, तो नसता तर हिला ते काम गोड लागलं नसतं.

गेल्या वर्षी कंपनीत नवा साहेब आला. तरणाबांड, बोलायला मिठ्ठास, आणि हाडाचा उतावळा. त्याने पहिल्याच बैठकीत आकडे काढले. कासवाच्या कंपनीचे तक्ते जास्त खपतात, आपले कमी. का? मग त्यानेच उत्तर दिलं. आपण शेवटी ‘मी कंपनीची’ लिहितो, लोक बिचकतात. यापुढे ती ओळ नको. आणि लोकांच्या प्रश्नांची वाट तरी कशाला पाहायची? नवीन नावाने आपणच प्रश्न टाकायचा, जुन्या नावाने आपणच उत्तर द्यायचं, नव्या नावाने त्याला ‘हेच बरोबर’ म्हणायचं. आठवड्याला असे तीन. ज्याला जमणार नाही त्याने सांगावं, दुसरं माणूस बघू.

त्या दिवसापासून घरात कुणाला स्वस्थता नाही. सून स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून बाहेरच्या खोलीत. नळ उघडा ठेवला, दूध उतू गेलं, नातीच्या दप्तरात रिकामा डबा भरून दिला. मुलाने विचारलं तर "काही नाही." आमच्या हिने विचारलं तर "डोकं दुखतंय." साहेबाचं काय ते तिने फक्त मला सांगितलं होतं. पहिला आठवडा तिने एकही खोटा प्रश्न टाकला नाही. साहेबाचा फोन आला. दुसरा आठवडाही नाही. पुन्हा फोन, या वेळी मिठ्ठास नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी पेपर वाचत होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? तुम्ही कधी डोळेझाक केली होती?"

"कसली?"

"शिक्का मारताना. काटा बरोबर नसताना."

आता मी काय सांगितलं ते लिहितो, कारण तेच लिहायला मी हे सगळं लिहायला बसलोय. मी सांगितलं, "एकदा केली होती. एका दुकानदाराचा काटा थोडा खोटा होता. माणूस आजारी होता, दुरुस्तीला न्यायला घरात कुणी नाही. दिला मारून शिक्का. आभाळ कोसळलं नाही." मग पेपरात परत डोकं घालताना वर म्हणालो, "एवढं काय जिवाला लावून घेतेस? सगळेच करतात. एखादा टाकून दे आणि त्या पोराचं तोंड बंद कर. नोकरी गेली तर डिग्री कुठली दाखवणार आहेस?"

हे मी बोललो. एकतीस वर्षं लोकांची वजनं उलटी करून पाहणाऱ्याने. आणि जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. त्या शिक्क्यानंतर दोन वर्षं मी त्या दुकानाच्या गल्लीत पाय ठेवला नाही. भाजीला जाताना लांबचा वळसा घालायचो. हे तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि पेपर मध्ये धरून बसलो.

ती "बरं" म्हणाली आणि लॅपटॉपकडे गेली.

नऊ वाजता तिने नवीन नाव उघडलं, ‘नवशिका’. प्रश्न टाकला, माझा तक्ता गोठतो, नवीन आहे, मदत करा. पावणेअकराला सुईदोरा या नावाने उत्तर दिलं, कंपनीचा तक्ता सुचवला, शेवटची ओळ लिहिली नाही. अकराला नवशिका होऊन ‘हेच बरोबर, खूप आभार’ असा शेरा मारला. मग हात धुवायला उठली, ती बराच वेळ धूतच राहिली.

पण या धंद्यात प्रश्न नुसता सांगून भागत नाही. सोबत चालवून पाहता येईल असा छोटा नमुना द्यावा लागतो आणि त्या नमुन्याच्या तक्त्यात काहीतरी भरावं लागतं. लोक मनाला येईल ते भरतात. आमच्या सुनेने नऊ वर्षं एकच गोष्ट भरली होती, घरातल्या सगळ्यांच्या चपलांचे नंबर. आजोबा नऊ, आजी पाच, बाबा आठ, आई सहा, पिल्लू, म्हणजे आमची नात, तीन. पिल्लूचा पाय वाढला तरी तक्त्यात तीनच राहिला. शेकडो उत्तरांत हेच पाच आकडे, याच क्रमाने. तिच्या बोटांना त्याची सवय झाली होती. नवशिक्याच्या प्रश्नातसुद्धा बोटांनी तेच भरलं, आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

जगात ते ओळखणारा माणूस एकच होता. साडेबाराला त्याचा खाजगी निरोप आला.

"चपलांचे नंबर ओळखले मी," कासवाने लिहिलं होतं. "दोन वाजता आमची बैठक आहे. त्यात तुमच्या कंपनीची सगळी उत्तरं वाचतात. कुणाच्या लक्षात आलं तर मला ते चव्हाट्यावर मांडायला सांगतील आणि मला नाही म्हणता येणार नाही. त्याआधी काढून टाका. तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

तिने तो निरोप मला वाचून दाखवला. चेहरा असा, की कुणी भर रस्त्यात तोंडात मारलीय.

"मग काढ ना!" मी ओरडलो. "बघतेस काय? काढ आधी."

"काढता येतंय, बाबा. एका बटणाचं काम आहे."

"मग?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तिच्या खोट्या उत्तराखाली आणखी एक उत्तर आलं होतं. कुणा शाळेची वेबसाइट सांभाळणाऱ्या गृहस्थाचं. चांगलं लांबलचक. त्याने लिहिलं होतं, तुम्ही नवीन आहात म्हणून सविस्तर सांगतो. तुमचा नमुना मी माझ्याकडे चालवून पाहिला. आधी जमेना, दोन तास गेले, पण आता सापडलंय. तुम्हाला काही विकत घ्यायची गरज नाही. तेराव्या ओळीत एवढा बदल करा. तुम्ही दुसरं उत्तर बरोबर ठरवलंय ते दिसलं, तरी म्हटलं, खर्च वाचला तर बरं.

"बरोबर आहे त्याचं?" मी विचारलं.

"शंभर टक्के. मीपण नवीन असताना मला असंच कुणीतरी..." ती थांबली. "प्रश्न काढला की खालची उत्तरंही जातात. त्याचे दोन तास जातील."

"जाऊ देत! तुझी नऊ वर्षं जाताहेत, आणि तू त्याच्या दोन तासांचं काय घेऊन बसलीस?"

ती उठली. खोलीत फेऱ्या सुरू झाल्या. खिडकी ते दार, दार ते खिडकी. मध्ये नातीची सायकल होती, तिला दोनदा अडखळली, पण बाजूला केली नाही. एक वाजला. सव्वा वाजला. आमची ही आतून येऊन काय झालं विचारून गेली, मी हाताने गप्प केलं. मला घड्याळाचा राग येत होता, कासवाचा येत होता, त्या शाळावाल्या शहाण्याचा तर सगळ्यात जास्त. कुणी सांगितलं होतं दोन तास घालायला? आणि मनात आत कुठेतरी माहीत होतं, की राग यायला हवा होता तो सकाळी पेपर धरून बसलेल्या माणसाचा.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ती लॅपटॉपसमोर बसली. बसली, हे मी मुद्दाम लिहितोय. प्रश्नाच्या खाली, सुईदोरा या नावाने तिने लिहिलं. मी मागे उभा राहून वाचत होतो.

"हा प्रश्न मीच विचारला आहे, दुसऱ्या नावाने. तक्ते विकणाऱ्या कंपनीत मी काम करते आणि आमचा तक्ता खपावा म्हणून हे केलं. बरोबर उत्तर माझं नाही, खालच्या गृहस्थांचं आहे. त्याला आमची वस्तू लागत नाही. त्यांचे दोन तास मी फसवून घेतले. त्यांची आणि सगळ्यांची माफी मागते."

"अगं, थांब," मी म्हणालो. पण तिने पाठवून दिलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. साहेबाचा फोन तासाभरात आला. कंपनीचं नाव चव्हाट्यावर मांडल्याबद्दल त्याच संध्याकाळी नोकरी गेली. असे प्रश्न टाका म्हणून सांगणारा साहेब जागच्या जागी. मुलगा घरी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, साहेबाला दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि म्हणाला, "बरं झालं सुटलीस. होईल काहीतरी." माझ्या सल्ल्याचं तिने त्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

फोरमचं पत्र दोन दिवसांनी आलं. पत्र अतिशय सभ्य होतं. तुम्ही स्वतःहून कबूल केलंत याची आम्हाला कदर आहे. पण कंपनीच्या माणसाने खोटं नाव वापरलं तर दोन्ही नावं कायमची काढायची, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. तुमची उत्तरं लोकांच्या उपयोगाची असल्याने ती ठेवत आहोत.

आमच्या हिने ते ऐकलं आणि जरा मोकळी झाली. "उत्तरं आहेत ना जागेवर? मग झालं तर."

"आहेत, आई," सून म्हणाली. "माझी नाहीत."

तिने दाखवलं. अठराशे उत्तरं होती तशी होती. एकेक शब्द तिचा. फक्त खाली जिथे सुईदोरा असायचं, तिथे ‘काढून टाकलेला सदस्य’. ती एकामागून एक पानं उघडत गेली. काढून टाकलेला सदस्य. काढून टाकलेला सदस्य. मला ते बघवेना. मी म्हटलं, "बंद कर ते," आणि ती म्हणाली, "एवढं एक बघते," आणि तासभर बघत राहिली.

नंतरचे सात महिने मी कुणा वैऱ्यालाही चिंतणार नाही. तिने किती ठिकाणी अर्ज केले, त्याची गणती नाही. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, शिक्षण काय? बारावी. दुसरा प्रश्न, मग केलेलं काम दाखवा. दाखवणार काय? पूर्वी एक दुवा पाठवला की झालं होतं. आता ती सांगायची, मी नऊ वर्षं उत्तरं लिहिली. कुठे आहेत? आहेत, पण माझं नाव नाही. का नाही? एकदोन ठिकाणी तिने खरं ते सगळं सांगून पाहिलं. त्यांनी "कळवतो" म्हटलं. कुणी कळवलं नाही.

काम गेलं म्हणून ती घरात निवांत बसली असती तर मला बरं वाटलं असतं. पण फोनचा टुक तिने बंद केला नव्हता. प्रश्न यायचे, ती धावत जाऊन वाचायची, उत्तर तिला यायचं, आणि लिहायची सोय नव्हती. मग उभ्याउभ्या वाट पाहायची, कुणी बरोबर सांगतंय का. "नाही, नाही, असं नाही," असं त्या पडद्याशी बोलायची. कासवाने बरोबर सांगितलं की "हं" म्हणून स्वयंपाकघरात जायची. मी एकदा म्हटलं, "तो आवाज तरी बंद कर." ती म्हणाली, "मग दिवसभर काय ऐकू?"

मागच्या गुरुवारी दुपारी तिची आणखी एक मुलाखत होती, व्हिडिओवर. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक लहान कंपनी. त्यांना त्यांच्या प्रोग्रॅमर लोकांसाठी माहितीची पानं लिहिणारं कुणीतरी हवं होतं. हे कसं वापरायचं, ते कसं बसवायचं, अडलं तर काय बघायचं. ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडून बसली. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, लॅपटॉपच्या पाठीमागे, वाटाणे सोलत. मला तिथून त्यांची तोंडं दिसत नव्हती, बोलणं सगळं ऐकू येत होतं. एक बाई होत्या आणि एक गृहस्थ.

शिक्षणाचा प्रश्न झाला. बाई "बरं" म्हणाल्या, वाईट वाटेल असं काही बोलल्या नाहीत. मग गृहस्थ म्हणाले, "आम्हाला पदवीशी घेणंदेणं नाही. लिहिणं कसं हवंय ते दाखवतो. हे वाचा."

त्यांनी पडद्यावर काहीतरी आणलं. मला ते दिसलं नाही, पण सुनेचा चेहरा दिसत होता. ती वाचत नव्हती. पहिल्या ओळीवर नजर गेली आणि तिथेच राहिली. पुढे वाचायची गरज नव्हती.

"एका फोरमवरचं आहे," गृहस्थ सांगत होते. "आमच्या पोरांची अर्धी कामं या माणसाच्या उत्तरांवर चालतात. अगदी अडाण्यालाही कळावं असं लिहिलंय, आणि कुठे आपलं शहाणपण मिरवलेलं नाही. कोण आहे पत्ता लागत नाही, नाव काढून टाकलंय. नाहीतर आम्ही त्यालाच बोलावलं असतं, जाहिरात कशाला दिली असती?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि नुसत्या ओठांनी म्हणालो, "सांग." ती माझ्याकडे बघत होती. मला उठून, त्या लॅपटॉपला वळसा घालून, त्या माणसाला ओरडून सांगायचं होतं, की अरे बाबा, हीच ती. आणि त्याच वेळी मला माहीत होतं, की सांगितलं की पुढचा प्रश्न काय येईल. नाव का काढलं? सात महिने तो प्रश्न मी या टेबलाशी बसून ऐकला होता. त्याचं उत्तर सुरू होतं माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यापासून. मी तोंड मिटलं.

"असं लिहिता येईल तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"येईल," सून म्हणाली.

"नक्की?"

"अगदी असंच येईल."

गृहस्थ हसले. त्यांना तो आत्मविश्वास आवडला असावा. मग त्यांनी तिला एक लहानसा सराव दिला, ती वीस मिनिटं लिहीत होती, ते वाचत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "आमच्याकडून पक्कं समजा. तुम्हाला काही विचारायचंय?"

मला वाटलं, ती आता सुट्यांबद्दल विचारेल, वेळेबद्दल विचारेल.

"एकच," ती म्हणाली. "पानाच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं का?"

"नाव?" बाईंना प्रश्न नीटसा कळला नाही. "नाही हो. आमच्याकडे सगळं कंपनीच्या नावानेच जातं. चालेल ना?"

तिने एकदा पडद्याकडे पाहिलं. तिचं उत्तर अजून तिथेच असावं, त्यांनी ते काढलं नसावं.

"चालेल," ती म्हणाली. "कधीपासून येऊ?"